अष्टागरातल्या इस्रायली दफनभूमी : वारस कोण?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांना आक्षीच्या शिलालेखापुढे उभे करून अक्षर अक्षर लावायला सांगत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. शिलाहार राजा केसिदेवाच्या वेळचा तो गद्धेगाळ आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला. त्या वाचनाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते यात वाद नाही. असा हा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. माणसे त्याच्या शेजारून जात-येत होती, आणि त्यावर मराठी कोरलेले आहे हे बहुतेकांना माहीतही नव्हते.

आज मला बोलायचे आहे ते याच पट्ट्यातल्या दुसऱ्या मराठी दगडांबद्दल. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण, रोहा, पनवेल या गावांच्या कडेला बेने इस्रायल समाजाच्या जुन्या दफनभूमी आहेत. त्यांतल्या काहींना कुंपण आहे, बऱ्याच ठिकाणी ते नाही. पावसाळा संपला की कंबरेएवढे गवत, घाणेरी आणि रानमोडी यांच्या आत दगड बुडून जातात. त्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी, किंवा मराठी आणि इंग्रजी, अशी अक्षरे आहेत. मला ठामपणे म्हणायचे आहे ते एवढेच, की हे आपले शिलालेख आहेत. ज्यांचे पूर्वज तिथे पुरले आहेत त्यांचे ते आहेतच; पण ते लोक बहुतांशी समुद्रापार गेले आहेत, आणि दगड आपल्या गावात, आपल्या भाषेत, आपल्या पावसात उभे आहेत. म्हणून त्यांच्या राखणीची जबाबदारी आपली आहे.

हा समाज इथे कसा आला याची कथा या भागातल्या सगळ्यांनी ऐकलेली असेल. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली ती गावाजवळ पुरली गेली, पुरुषांची एका टेकाडात आणि स्त्रियांची दुसऱ्या. हे केव्हा घडले? हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. त्यांनी ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेली. इतर अभ्यासकांनी इतर शतके सुचवली. ठाम पुरावा कोणाकडेच नाही. ठाम आहे ते यानंतरचे: हे लोक कोकणात राहिले, तेलाचा घाणा चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. गावांवरून त्यांची आडनावे पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, वाकरूळचे वाकरूळकर. अशी शंभराहून अधिक आडनावे आहेत. रायगड जिल्ह्याचा नकाशा या लोकांच्या नावांत मुरला आहे. त्यांतली काही गावे आज इतकी लहान आहेत की त्यांचे नाव जिल्ह्याबाहेर ऐकू येते ते केवळ या आडनावांमुळे.

नवगावच्या त्या टेकाडांबद्दल एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. तिथे खणून पाहावे, म्हणजे एकदाचा काळ ठरेल, असे अनेकदा सुचवले जाते. सुचवणारे बहुधा इतिहासप्रेमीच असतात. मला हे पटत नाही. यहुदी धर्मशास्त्रात पुरलेल्या माणसाची जागा ही कायमची त्याची असते. हाडे हलवायची नाहीत, जागा दुसऱ्या कामाला घ्यायची नाही. प्रागच्या जुन्या यहुदी दफनभूमीत १४३९ पासून १७८७ पर्यंत दफने झाली. जागा वाढवता येईना, जुनी कबर उकरता येईना, तेव्हा त्यांनी वर माती टाकून थरावर थर चढवले. कुठे कुठे बारा थर आहेत. एवढी ज्या परंपरेची काळजी आहे, तिच्या सर्वांत आदरणीय जागी आपण आपल्या कुतूहलापोटी कुदळ घालावी, हे कोणत्या अधिकाराने? शिवाय यहुदी लोक जीर्ण झालेल्या पवित्र पोथ्याही दफनभूमीत पुरतात, तेव्हा खणणारा काय फोडील याचा नेम नाही. जीवशास्त्रज्ञांनी २०१६ साली या समाजाच्या वंशाबद्दल अभ्यास प्रसिद्ध केला, तो जिवंत माणसांनी राजीखुशीने दिलेल्या नमुन्यांवर. त्यात पश्चिम आशियातल्या यहुदी वंशाचा आणि भारतीय वंशाचा, असे दोन्ही धागे दिसले. प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर असे रस्ते आहेत. टेकाडांना हात लावायचे कारण नाही.

आता या जागा ओस का पडल्या? याचे उत्तर सोपे आहे आणि त्यात कुणाचा दोष नाही. अठराव्या शतकापासून माणसे मुंबईला गेली: फौजेत, गोदीत, रेल्वेत, शाळांत, इस्पितळांत. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, ज्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत, ते कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेने त्यांनी १७९६ साली मशीद बंदर भागात मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले, असे परंपरा सांगते. नंतर १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती; आज भारतातले सगळे यहुदी मिळूनही पाच हजारांच्या आत आहेत. दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा इथे आजही मराठी बोलणारी घरे आहेत, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे. पण दर दिवाळीनंतर अष्टागरात येऊन गवत कापणे अश्दोदच्या माणसाला शक्य नाही.

आणखी एक कारण आहे. जीर्णोद्धाराला पैसा मिळतो तो प्रार्थनामंदिरांना. मुंबईत काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू हे १८८४ सालचे सिनेगॉग २०१९ मध्ये फार सुंदर दुरुस्त झाले. पुण्याचे लाल देऊळ, अलिबागचे मागेन अबोथ, पनवेलचे बेथ एल या वास्तू उभ्या आहेत, त्यांना विश्वस्त आहेत, पाहायला माणसे येतात. अलिबागेत इस्रायल आळी हे नाव अजून जिभेवर आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलिया हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, रथाची टाप म्हणून जो खडक दाखवतात, तिथे नवस फेडायला, मलिदा करायला इस्रायलहूनही कुटुंबे येतात. दफनभूमीकडे मात्र तीच कुटुंबे येतात, आजोबांचा दगड शोधतात, बहुतेकदा सापडत नाही, आणि परत जातात. तेलीण आजी, हवालदार आजोबा, शाळामास्तर मामा यांच्या कबरी कुठल्याच दर्शनीय यादीत बसत नाहीत. सुरतेला इंग्रज आणि डच वखारवाल्यांच्या कबरी पुरातत्त्व खात्याने संरक्षित केल्या आहेत, कारण त्या महालांसारख्या आहेत. साध्या माणसाच्या कबरीला पुरातत्त्व कायद्याचे छत्र मिळत नाही, आणि मला स्वतःला सर्वांत जास्त कळवळा वाटतो तो याच कबरींचा. राजांचे आणि गव्हर्नरांचे मृत्युदिन कागदावर अनेक ठिकाणी सापडतात. घाणा चालवणाऱ्या बाईच्या जन्म-मृत्यूची जगातली एकमेव नोंद तिच्या डोक्याशी उभा केलेला दगड असू शकतो.

त्या दगडांवर काय असते ते पाहू. हिब्रू मजकूर बहुधा दोन अक्षरांच्या संक्षेपाने सुरू होतो. त्याचा अर्थ, इथे पुरले आहे. शेवटी पाच अक्षरांचा संक्षेप असतो. त्यात शमुवेलाच्या पुस्तकातली प्रार्थना आहे, की याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो. मधे नाव, बापाचे नाव, मृत्यूची तिथी. वर्ष अक्षरांनी लिहितात, कारण हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते, आणि हजाराचा आकडा बहुतेक वेळा गाळतात. म्हणजे दगडावर ६५४ दिसले तर ते ५६५४ समजायचे, त्यातून ३७६० वजा करायचे, की १८९४ येते. पण यहुदी वर्ष आश्विनाच्या सुमारास बदलते, त्यामुळे मृत्यू वर्षाच्या सुरुवातीला झाला असेल तर ३७६१ वजा करून १८९३ धरावे लागते. खालचा मराठी मजकूर त्याच वेळी वाचला तर ही अडचण आपोआप सुटते, कारण तिथे इंग्रजी महिना असतो. दोन लिप्या एकमेकींची साक्ष देतात, म्हणून दगड वाचायला दोन माणसे एकदम बसवावीत. एक हिब्रू जाणणारा, एक जुने मराठी लेखन ओळखणारा.

नावांचेही तसेच. जुन्या पिढ्यांत सॅम्युएलचा सामाजी, मोझेसचा मुसाजी, आयझॅकचा इसाजी होत असे. दगडाच्या हिब्रू भागात एक रूप, मराठी भागात दुसरे. यादी करताना दोन्ही रूपे दोन रकान्यांत लिहिली नाहीत, तर अश्दोदहून आलेला पणतू सॅम्युएल शोधत राहील आणि सामाजीच्या कबरीवरून पुढे निघून जाईल.

या मराठीला स्वतःचा इतिहास आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. वल्हांडणाच्या सणाची हगादा ही पोथी हिब्रू-मराठीत मुंबईला १८४६ साली शिळाप्रेसवर निघाली, पुण्याला १८७४ साली पुन्हा निघाली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली. बायबलातल्या कथांवर या समाजाने मराठीत कीर्तने रचली, टाळ-झांजांच्या साथीने गायली. गेल्या दोनशे वर्षांतल्या मराठी लेखनव्यवहाराचा एवढा समृद्ध कोपरा आपल्या वाङ्मयेतिहासांत दोन-चार ओळींत उरकला जातो, याचे मला दुःख होते. ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची करणारा कोणीतरी भेटतो. दगडांची सूची करायला कोणी पुढे येत नाही, आणि पुस्तकांपेक्षा दगड लवकर जातात.

कोकणात ते फारच लवकर जातात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो, सोडतो. काळा पाषाण टिकाऊ, पण त्यावरची अक्षरे उथळ कोरलेली असतील तर शेवाळाने भरतात. संगमरवर सर्वांत नाजूक. आम्लाचा थेंब पडला तरी त्याचा पृष्ठभाग खातो. आपल्या भागातल्या एकाच दफनभूमीत हे तिन्ही दगड भेटतात, आणि तिघांचे औषध वेगळे आहे.

दुरुस्तीच्या उत्साहात झालेले नुकसान दुर्लक्षाने झालेल्या नुकसानीपेक्षा मोठे असते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. म्हणून इथे जरा थांबतो.

सर्वांत मोठा शत्रू सिमेंट. हा शब्द मी विचार करून वापरतो. जुन्या कबरींचे ओटे जांभ्याचे, चुन्यात बांधलेले आणि चुन्याचा गिलावा केलेले असतात. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेले पाणी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते, जाताना बरोबर आणलेला क्षार सांध्यातच ठेवते, आणि सांधा झिजला तर तो पुन्हा भरता येतो. दगड वाचतो. त्याच सांध्यात सिमेंट भरले की पाण्याची वाट बंद होते. मग ते दगडाच्या अंगातून बाहेर पडू पाहते, क्षार दगडातच साचून फुगतो, आणि चिऱ्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. दहा-पंधरा वर्षांनी दिसते ते असे, की सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा उभ्या आणि मधला दगड आत गेलेला. त्या वेळी सिमेंट काढायला गेलात तर दगडाच्या कडा त्याच्याबरोबर निघून येतात. उभ्या दगडाच्या बुडाशी काँक्रीटचा गट्टू केला तरी हेच होते: दगड हलत नाही, पण गट्टूच्या वरच्या रेषेवर तो मोडतो. त्याऐवजी खाली खडी आणि रेती बसवावी, दगडाचा पुरेसा भाग जमिनीत घ्यावा, पाणी खाली निघून जाऊ द्यावे.

चुन्याचे काम करणारे गवंडी आता शोधावे लागतात, पण ते आहेत. कळीचा चुना विरवून मुरत ठेवायचा, घाणीत रेती आणि विटांच्या सुर्खीबरोबर मळायचा, वापरायच्या आधी दगड ओला करायचा, आणि काम झाल्यावर ओले गोणपाट टाकून ते कित्येक दिवस ओले राखायचे. चुना हवेतला कर्बवायू घेऊन सावकाश दगड होतो. घाई केली तर भुकटी होते. म्हणूनच हे काम पावसाळ्यात करायचे नसते आणि वैशाखातही नाही. दिवाळी ते माघ हा त्याचा हंगाम. शासकीय निधी मार्चअखेर खर्ची पडायचा असतो, आणि त्यामुळे चुन्याचे काम सिमेंटचे होते. निधी देणाऱ्यांनी एवढे एक जरी लक्षात घेतले तरी कितीतरी दगड वाचतील.

दुसरे, साफसफाई. स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, एवढेच. तारेचा ब्रश नको, फरशी धुण्याचे आम्ल तर मुळीच नको, दाबाने फवारणारे यंत्रही नको. अक्षरे उठून दिसावीत म्हणून काही जण पीठ किंवा खडू घासतात; पिठावर बुरशी वाढते, खडू छिद्रांत राहतो. अक्षरे वाचायची असतील तर सकाळी उन्हाची तिरपी किरणे पडतील तेव्हा जावे, किंवा आरशाने ऊन कडेकडेने दगडावर टाकावे. दुपारी सपाट दिसणारा दगड त्या प्रकाशात वाचता येतो. मोबाइलने एकावर एक येतील अशी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली, तर संगणकावर त्याची त्रिमिती प्रतिकृती करता येते. दगडाला हात लावण्याच्या आधीचे हे काम आहे.

तिसरे, रंग. आपल्याकडे कोरलेल्या अक्षरांत काळा ऑइलपेंट भरायची रीत आहे. वारस प्रेमाने करतात, रंगारी अक्षरे न समजता भरतो. हिब्रूत दालेत आणि रेश ही दोन अक्षरे जवळजवळ सारखी असतात, फरक एका कोपऱ्याचा. दालेतची किंमत ४, रेशची २००. हे आणि हेत यांचेही तसेच, ५ आणि ८. झिजलेल्या दालेतचा कोपरा रंगाने गोल झाला की मृत्यूचे वर्ष बदलते, किंवा नाव बदलते, आणि पुढचा वाचणारा तेच खरे धरून लिहून नेतो. मराठी भागातही ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’ झालेला सापडतो. रंगवायचा आग्रहच असेल तर निदान आधी वाचन पक्के करून, त्याचे छायाचित्र ठेवून मग रंगवा. माझे मत विचाराल तर रंगवू नका. शेजारी वेगळी पाटी लावा आणि दगडाला त्याच्या वयासह राहू द्या.

चौथे, झाडी. कबरीच्या भेगेत उगवलेला पिंपळ ओढून काढला तर तो अर्धा ओटा बरोबर घेऊन येतो. तो जमिनीलगत कापावा, बुंध्यावर मारक औषध लावावे, मूळ आत वाळू द्यावे आणि मग ती पोकळी चुन्याने भरावी. यंत्र आणून एका दिवसात सगळी जागा सपाट करणे हा तर सरळ नाश आहे. गवतात दडलेले आडवे दगड त्याच्या चाकाखाली चुरतात, आणि कबरींच्या ओळीच पुसल्या जातात. गवत पेटवून देणे आपल्या शेतकरी हाताला सवयीचे आहे, पण आगीने संगमरवर आणि चुना दोन्ही फुटतात. याबाबत यहुदी शास्त्राचा नियमही मला फार विचारी वाटतो. तालमूदमध्ये म्हटले आहे की दफनभूमीत गुरे चारू नयेत, तिच्यातून पाण्याचा पाट नेऊ नये, तिथले गवत नफ्यासाठी गोळा करू नये. गोळा झालेच तर मृतांच्या मानासाठी ते तिथल्या तिथे जाळावे. आपण ते कापून, दगडांपासून दूर एका कोपऱ्यात नेऊन जाळले, तर शास्त्रही राखले जाते आणि दगडही. आणि करंजाची, उंडीची जुनी झाडे सरसकट तोडू नका. ती वारा अडवतात, त्यांच्या सावलीत गवत कमी वाढते.

खडकीच्या युद्धस्मशानभूमीशी तुलना नेहमी केली जाते. तिथे कशी हिरवळ, कशा सरळ ओळी. ती राखणाऱ्या आयोगाची स्थापना १९१७ साली झाली. सदस्य सरकारे आपापल्या सैनिकांच्या कबरींच्या प्रमाणात त्याचा खर्च कायम उचलतात. आपल्याकडे असा कायमचा पैसा नाही, आणि हिरवळ तर नकोच. रोज पाणी घातलेली हिरवळ जांभ्याला आणि चुन्याला वर्षभर ओले ठेवील. त्यांच्याकडून घ्यायची ती त्यांची नोंदवही. तिथली प्रत्येक कबर वहीत आहे, म्हणून ती हरवत नाही.

कोलकात्यात वाचलेल्या आणि नष्ट झालेल्या दफनभूमीची उदाहरणे शेजारी शेजारी आहेत. साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी १७६७ साली सुरू झाली. विल्यम जोन्स तिथे आहेत, डेरोझिओ आहेत. ती झाडीत बुडाली होती, पण १९७०च्या दशकात काही माणसांनी लावून धरले आणि ती वाचली. रस्त्यापलीकडची नॉर्थ पार्क स्ट्रीटची दफनभूमी १९५३ साली पाडली गेली. तिथे आता इमारती आहेत. पूर्व युरोपातल्या शेकडो गावांत यहुदी वस्तीच उरली नाही. तिथे २०१५ पासून काम करणारी एक संस्था सर्वांत आधी जुने नकाशे आणि ड्रोनची छायाचित्रे जुळवून हद्द ठरवते आणि कुंपण घालते. दगडांचे काम मागाहून. मला हा क्रम आपल्याला फार उपयोगी वाटतो.

कारण आपल्याकडे वेळ कमी आहे. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ साली अटल सेतू खुला झाला. अलिबाग तालुक्यातल्या जमिनीचे भाव काय झाले ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. ज्या जमिनीवर सत्तर वर्षे कोणी आले नाही, ती कोणाचीच नाही असे समजणारे लोक आधी कडेची चार फूट घेतात. कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो वापरावा लागतो. सिनेगॉगचे विश्वस्त मंडळ जर सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल आणि दफनभूमी त्याच्या मिळकतींच्या यादीत असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या मंजुरीवाचून ती विकता येत नाही. १९५०च्या न्यास कायद्याचे कलम ३६ तसे सांगते. यादीत नसेल तर ती चढवून घेणे हे पहिले काम. सात-बारावर काय लिहिले आहे, जुन्या फेरफारात काय होते, भूमी अभिलेखाच्या नकाशात गट किती लांब-रुंद आहे, हे तपासून सरकारी मोजणी करून घ्यावी आणि हद्दीचे दगड पुरावेत. कबरींची नासधूस करणे हा गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेचे कलम २९७ होते, आता न्याय संहितेचे ३०१ आहे. राज्याचा १९६० सालचा प्राचीन स्मारकांचा कायदा निदान काही जागांना लावता येईल का, याचाही पाठपुरावा व्हावा. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, तेव्हा दाद मागायला दारे आहेत.

हे सगळे करायचे ते समाजाच्या उरलेल्या माणसांना पुढे ठेवून, त्यांच्या संमतीने. कुठली कबर उचलायची, कुठला पडलेला दगड तसाच ठेवायचा, कुठे पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी सांगायचे. गावाने आपली माणसे, आपले विळे, आपला चुना आणि आपला वेळ द्यायचा. एका समाजाच्या जागेत दुसऱ्यांनी उत्साहाने शिरून सुशोभीकरण करणे मला मान्य नाही. फुटपाथाच्या फरश्या, रंगीत दिवे, उद्घाटनाची कोनशिला यांना दफनभूमीत जागा नाही.

येत्या दिवाळीनंतर काय करता येईल ते सांगून थांबतो. पहिल्या महिन्यात विळ्यांनी गवत कापायचे, यंत्राने नव्हे, आणि जमिनीला धक्का न लावता. मग सुतळीने चौकटी आखून प्रत्येक कबरीला क्रमांक द्यायचा. क्रमांक लाकडी खुंटीवर लिहायचा, दगडावर नाही. प्रत्येक दगडाची सकाळच्या उन्हात छायाचित्रे. वहीत रकाने असे: क्रमांक, दगडाचा प्रकार, हिब्रू मजकूर जसाच्या तसा, मराठी मजकूर जुन्या शुद्धलेखनासकट जसाच्या तसा, नावाची दोन्ही रूपे, गाव, तारीख, दगडाची अवस्था. न लागणारे अक्षर अंदाजाने भरायचे नाही, तिथे टिंबे द्यायची. हिब्रू वाचणारे समाजातले ज्येष्ठ अजून आपल्यात आहेत. त्यांना घरून आणायची आणि परत पोचवायची जबाबदारी महाविद्यालयाच्या मुलांनी घ्यावी. जे इथे येऊ शकत नाहीत त्यांना, दिमोना आणि अश्दोदच्या मराठी घरांना, छायाचित्रे पाठवून विचारावे. कित्येकदा दगडावर पुसलेले नाव एखाद्या म्हाताऱ्या आत्याच्या तोंडी असते. पुरी झालेली वही तीन ठिकाणी ठेवायची: सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे, तालुक्याच्या वाचनालयात आणि ग्रामपंचायतीत. चुन्याचे काम त्यानंतर, आणि तेही ज्या कबरी पुढच्या पावसाळ्यात कोसळतील त्यांचेच आधी. बाकीच्या थांबू शकतात. सभागृहाच्या दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांना हिब्रू येते, मोडी येते, मोजणीचे काम येते किंवा चुना मळता येतो, त्यांनी जाताना आपले नाव आणि यांतले काय येते ते तिच्यात लिहावे.